पंधरा पट्ट्यांची सावली

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस बैठकीच्या भिंतीवरचं विणलेलं चित्र बघतो. कडं असलेला मोठा ग्रह, बाजूला एक लहानसा चंद्र, काळं आकाश आणि खाली ओसाड, करडी जमीन. "छान आहे," म्हणतो. मग चहा येईपर्यंत एकदा तरी मान वळवून स्वतःच्या पाठीमागे बघतो. मागे माझं पुस्तकांचं कपाट आहे, दुसरं काही नाही. का वळून बघितलं ते बहुतेकांना सांगता येत नाही आणि मीही विचारत नाही.

हल्ली असली चित्रं कॉम्प्युटर चुटकीसरशी काढतो म्हणे. हे चित्र लॉग टेबलाच्या पुस्तकावर आणि दोन माणसांच्या हट्टावर झालं. त्यातला एक माझा थोरला भाऊ, आमचा अन्ना. दुसरी मी. हट्टात मी वरचढ होते, गणितात तो. हे त्याच्या हयातीत मी कधी कबूल केलं नाही.

आमचं घर विणकरांचं. घरात भाषा तेलुगू, गल्लीत मराठी, आणि वडिलांचं म्हणजे नायनांचं कामाचं बोलणं सगळं सोलापुरी मराठीत. रागवायचं झालं तरी ते मराठीतच रागवत. त्या दिवसांतलं सगळं बोलणं मला आता मराठीतूनच ऐकू येतं, म्हणून तसंच लिहिते. नायना चादरीच्या एका कारखान्यात नक्षीचे आलेख काढत. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा. एक चौकोन म्हणजे एक धागा वर किंवा खाली. त्या आलेखावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्याने ओवायची आणि मागावर चढवायची. मग माग त्या भोकांप्रमाणे मोर, कमळ, वेलबुट्टी जे सांगाल ते विणतो. आई घरी विड्या वळायची. मी गणितात पदवी घेऊन मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि वासरात लंगडी गाय शहाणी तशी स्टाफरूममध्ये गणितज्ञ म्हणून मिरवत होते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. अन्नाला मुंबईला एका सरकारी संस्थेत कॉम्प्युटर खात्यात नोकरी लागली. त्याच्या पहिल्याच पत्रात होतं, "नायनांना सांग, इथेही कार्डंच आहेत. पुठ्ठ्याची, भोकं पाडलेली. फक्त धाग्याऐवजी आकडे निघतात." नायनांनी ते पत्र कारखान्यात नेऊन सगळ्यांना वाचायला लावलं. म्हणाले, "माग नवा हाय, कार्ड आपलंच हाय की."

सहा महिन्यांनी त्याचं एक लांबलचक पत्र आलं. परदेशी मासिकात त्याने चित्र काढायची एक रीत वाचली होती. रीत अशी. आपला डोळा एका ठिकाणी ठेवलेला आहे असं धरायचं. डोळ्यासमोर चौकटीचा कागद. प्रत्येक चौकोनातून एक सरळ रेषा पलीकडे सोडायची आणि ती कशावर आदळते ते गणिताने काढायचं. कशावरच आदळली नाही तर तिथे आकाश. आदळली, तर त्या जागेवरून दुसरी रेषा थेट सूर्याकडे सोडायची. वाटेत काही आड आलं नाही तर तो चौकोन उजळ. आड आलं तर तिथे सावली. बस्स, एवढंच. कलाकार नको, ब्रश नको. जगात कुठे काय ठेवलं आहे त्याची यादी द्यायची, चित्र आपोआप उमटतं.

त्याला अर्थातच मशीनवर असलं काही करायला कोणी देत नव्हतं. मशीनचा वेळ सरकारी कामाचा. "पण मशीनला जे शिकवायचं ते आधी आपल्याला हाताने यायला हवं," असं त्याने लिहिलं. "चौकटीचा कागद नायनांकडे आहे. लॉग टेबल तुझ्याकडे आहे. माग कारखान्यात आहे. मी यादी पाठवतो. विषम ओळी माझ्या, सम तुझ्या. पुढे कधी मला मशीन तासभर मिळालं, तर आपण कुठे चुकलो ते त्यालाच विचारू."

यादी सोबतच होती. सगळी मापं हातांत. ग्रह किती हातांवर, किती मोठा. कडं किती रुंद. चंद्र कुठे. जमीन सपाट. डोळा जमिनीपासून सव्वातीन हात उंच. सूर्य डोळ्याच्या पाठीमागे, डावीकडे, मावळतीला झुकलेला. चार रंग ठरले. एक म्हणजे पांढरा, दोन करडा, तीन निळा, चार काळा. एकूण नव्वद ओळी, एका ओळीत साठ चौकोन. वरच्या साठ ओळी आकाशाच्या, खालच्या तीस जमिनीच्या.

मी आधी खूप चिडले. ज्याला करायचं त्याने करावं ना, मला कशाला. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याआल्या पहिली रेषा सोडली. एका चौकोनाला पाऊण तास लागला आणि उत्तर आलं, आकाश. पुढे हात बसला. आकाशाचे चौकोन लवकर सुटत. ग्रहाच्या कडेचे जीव खात. अन्ना दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, हाताने दांडा फिरवायच्या हिशेबाच्या यंत्रावर गणित करायचा. एक ओळ झाली की अरुंद पट्टीवर साठ आकडे, वर ओळीचा क्रमांक आणि कोपऱ्यात तारीख. आठ-दहा पट्ट्या साचल्या की पाकिटातून पाठवायचा. मी त्या आलेखात भरायची, मधल्या ओळी माझ्या. चंद्राची सावली ग्रहावर पडलेली दिसली, ती त्याच्या ओळीतून माझ्या ओळीत आणि माझ्या ओळीतून त्याच्या ओळीत अशी विनाजोड उतरत गेली, तेव्हा मी पट्टीने स्वतःच्या डोक्यात मारून घेतलं. एवढा आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

चांदण्यांचं गणित नव्हतं. अन्नाने लिहिलं, "अम्माला सांग, ज्वारीचे दाणे टाक." आईने सुपातले मूठभर दाणे आलेखाच्या आकाशावर उधळले आणि जिथे पडले तिथे मी पांढरे ठिपके दिले. आई म्हणाली, "आकाशात बी दाणं पेराय लावलं पोरानं."

आकाश पुरं झालं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. जमिनीचं काम मला सोपं होतं. यादीप्रमाणे तिथे सूर्याच्या आड येणारं काहीच नव्हतं. माझ्या पंधरा ओळी मी एका बैठकीत दोनच्या आकड्याने भरून टाकल्या आणि त्याच्या पंधरा पट्ट्यांची वाट बघत बसले.

जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची जत्रा होऊन दहा-अकरा दिवस झाले असतील. शनिवारी तार आली, अन्ना गेल्याची. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टरांचं म्हणणं. नायना आणि काका रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. तिथेच सगळं उरकून मंगळवारी परत आले. त्याच्या मधल्या सोमवारी पोस्टमन आला. त्याला गल्लीत काय झालं ते माहीत होतं. पाकीट त्याने हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं आणि सायकल ढकलत गेला. पाकिटावर अन्नाचं अक्षर होतं.

आत पंधरा पट्ट्या होत्या. पत्र नव्हतं.

नायना हॉस्टेलवरची हकीगत घेऊन आले. खोलीतला मित्र म्हणत होता, ताप दोन दिवसांचा. गुरुवारी ऑफिसला गेला होता, शुक्रवारी पडून राहिला, शनिवारी पहाटे संपलं. आईने ऐकून घेतलं. पण भेटायला येणाऱ्या बायकांना कोण आवरणार. शेजारची एक म्हणाली, "असला ताप दोन दिसात मानूस न्हेत न्हाई. पंधरा दिस आदीपासनं अंगात मुरतो." झालं. आईच्या डोक्यात ते पंधरा दिवस जाऊन बसले. पंधरा दिवस पोरगं परक्या शहरात तापाने फणफणत होतं आणि कपाळावर हात ठेवायला कोणी नव्हतं. आणि त्याच पंधरा दिवसांत ती गड्ड्यावर गेली होती. मीच आग्रहाने नेलं होतं. आकाशपाळण्यात बसली होती आणि वर गेल्यावर लहान मुलीसारखी हसली होती.

 नंतर ती विडी वळता वळता मध्येच थांबायची आणि विचारायची, "मी हासले हुते, न्हाई का गं?"

मी पट्ट्या तीन आठवडे पेटीत ठेवल्या. मग एका रविवारी आलेख पसरला. या वेळी त्याने पट्ट्यांवर नवे क्रमांक घातले होते, एक ते पंधरा. जमिनीचा भाग वेगळा म्हणून असेल. जमीन म्हटल्यावर मी एक नंबरची पट्टी सगळ्यांत खाली भरली, मग दोन, मग तीन. पहिल्या चार पट्ट्या सगळ्या दोनच्या होत्या. पाचव्या पट्टीत मध्येच चारचा आकडा आला. काळा. मग आणखी काळे, मग एका ठिकाणी पुन्हा कमी, आणि मग वाढत वाढत क्षितिजाजवळच्या पंधराव्या पट्टीत काळाच काळा.

जिथे काही नव्हतं तिथे सावली पडली होती. तीही अशी, की क्षितिजाला काहीतरी डोकं खाली करून टांगलं आहे. माझ्या ओळींत त्यातलं काहीच नाही. एक ओळ काळी, एक करडी. मी कागद गुंडाळून ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाही.

माझ्या मनात लगेच आलं ते असं. पट्ट्यांवर तारखा आहेत. रोजची एक. पंधरा पट्ट्या म्हणजे तेच पंधरा दिवस, शेवटची पट्टी गुरुवारची. त्याचं डोकं शाबूत होतं की नाही याचा लेखी पुरावा माझ्या पेटीत आहे. आकडे बरोबर असतील तर मित्र खरं बोलतो आहे. आकडे चुकले असतील तर ताप तेव्हाच डोक्यात गेला होता आणि हा वेडा तशात बसून पट्ट्या भरत होता.

दोन महिने मी ती सावली उलटी सोडवत होते. एरवी वस्तूवरून सावली काढतात. मी सावलीच्या कडेकडेने सूर्याकडे रेषा सोडून आड कोण आलं असेल ते शोधत होते. त्याला गोल वस्तूंचंच गणित येत होतं, म्हणून गोल घेऊन बघितले. एक घेतला, दोन घेतले, तीन घेतले. क्षितिजाजवळचा एक चौकोन म्हणजे जमिनीचा केवढा तरी पट्टा. तिथे एवढी काळी सावली पडायला डोंगराएवढा गोळा हवा, आणि डोंगराएवढा गोळा ठेवला की पुढच्या पट्ट्या जुळेनात. कशाचीही सावली अशी पडत नाही. कोणत्याच जगात नाही.

सकाळी शाळेत जाताना ऊन पाठीवर असायचं आणि माझी सावली माझ्यापुढे चालायची. मी रस्ता बदलला. गिरणीच्या भोंग्याला दचकायला लागले. फळ्यावर वर्तुळ काढलं की हात थांबायचा. मुली कुजबुजायच्या, मी खेकसायची. मला भुताखेतांचं कधीच काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण घरातलं एक माणूस साठ चौकोनांच्या पट्टीत बसून काहीतरी सांगतंय आणि ते आपल्याला कळत नाही, ही गोष्ट भुतापेक्षा वाईट.

आईने एके दिवशी विचारलंच. हातात तेंदूचं पान होतं.

"त्यानं शेवटी धाडलं ते बरोबर हाय का?"

खोटं बोलायला हवं होतं. मला ते वेळेवर कधीच जमलेलं नाही.

"जुळत न्हाई, अम्मा."

तिने पान खाली ठेवलं. कात्री पानावर ठेवली. आणि म्हणाली, "म्हंजे तवापासनंच." त्या दिवसानंतर तिने पाळण्याचं विचारणं बंद केलं. ते मला जास्त जड गेलं.

वर्ष असंच गेलं. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा नायनांनी मनावर घेतलं की चित्र विणायचं. मालकांना विचारून त्यांनी एक माग सुट्टीच्या दिवसापुरता मागून घेतला. आलेख बघितला आणि जमिनीवर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"अन्नाच्या वळी."

"नक्षीत डाग हाय ह्यो. पोराचं शेवटचं काम भिंतीला लावायचं तर डाग घेऊन लावायचं का? खोड ते. समदं करडं कर."

मला राग आला, तरी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी रबर आणलं. शाळेतून आल्यानंतरची संध्याकाळ होती, दारातून तिरपं ऊन कागदावर येत होतं. नायना शेजारी कोरी कार्डं मोजून ठेवत होते. मी वरून, क्षितिजाकडून रबर लावायला वाकले, तेवढ्यात ते सवयीने म्हणाले,

"खालनं कर की. माग खालनं वर चढतोय. पैली वळ खालची."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकलं आहे. आमच्याकडे नक्षी खालून वाचतात. कापड खालून वर विणलं जातं, म्हणून पहिली ओळ ती तळाची. कुणाला समजावून सांगायची वेळच येत नाही. त्या दिवशी मात्र माझा हात थांबला.

"नायना, आनि अन्ना जितं काम करत हुता तितं पैली वळ कुटली असंल?"

ते चक्रावले. "तितं कापड कुटं हाय? कागुद छापून येतोय म्हनला हुता."

कागद छापून येतो, आणि कागदाची पहिली ओळ वरची असते. सगळ्या जगाची वरची असते. आकाशाच्या ओळी आम्ही त्याच्या पद्धतीने वरून मोजल्या होत्या, आणि जमीन आली तशी मी, विणकराची पोर, खालून मोजून मोकळी झाले होते. त्याची सावली मीच उलटी टांगली होती. वर्षभर.

मी कोरा आलेख घेतला आणि पंधरा पट्ट्या वरून खाली भरल्या. पहिल्या चार नुसत्या करड्या. पाचवीपासून एक लहान गोल सुरू झाला, सातवीशी आवळला, आणि मग खाली मोठा, रुंद होत जाऊन चित्राच्या काठाला जाऊन टेकला. घागरीवर तांब्या ठेवावा तसं.

नायना बघत होते. ते माझ्या आधी बोलले.

"फोटूतलं हाय की हे."

आमच्या घरात चौघांचा फोटो एकही नाही. अन्नाने एकदा मित्राचा डबडा कॅमेरा आणला होता आणि तलावाच्या काठी आम्हा तिघांना उभं केलं होतं. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं, ते त्याने काटेकोर पाळलं. फोटोत नायना, अम्मा आणि मी डोळे बारीक करून उभे आहोत, आणि आमच्या पायांपर्यंत एक सावली आली आहे. डोकं आणि खांदे. तो गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा नोकरीच्या अर्जाचा एक उरलेला पासपोर्ट फोटो सापडला. बाकी घरात तो होता तो त्या सावलीपुरताच. आणि आम्ही त्याला किती चिडवलं होतं, की फोटोत स्वतःला घेतलंस ते घेतलंस, तोंड तरी आणायचंस.

त्याने यादीत दोन गोळे वाढवले होते आणि मला सांगितलं नव्हतं. डोळ्याच्या जरा मागे, जमिनीवर टेकलेला एक मोठा गोळा, त्यावर एक लहान. डोळ्याच्या मागे असल्यामुळे ते चित्रात दिसत नाहीत. सूर्य त्यांच्या पाठीशी, म्हणून सावली तेवढी पुढे चित्रात येते. चिडवण्याचं उत्तर होतं ते.

मी चार दिवस रजा टाकली. दोन गोळ्यांची मापं सावलीच्या रुंदीवरून काढली, मोठा जमिनीवर टेकवला, लहान त्यावर बसवला आणि पुढून सगळं गणित नव्याने केलं. पंधरा ओळी, एकेका ओळीत साठ चौकोन. वरच्या गोळ्याचा माथा जमिनीपासून साडेतीन हात आला. साडेतीन हात म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. माझे आकडे त्याच्या पट्ट्यांशी ताडून बघितले. सगळे जुळले. अकराव्या पट्टीत एक चौकोन जुळला नाही. पुन्हा केला. चूक माझी होती.

नायना म्हणाले, "आता तुज्या बी वळीत काळं भर. अर्दी सावली बरी न्हाई दिसत."

मी नाही म्हटलं. त्याच्या ओळी त्याच्या, माझ्या ओळी माझ्या, असंच ठरलं होतं. मी माझ्या ओळी भरल्या तेव्हा मला तो तिथे उभा आहे हे माहीत नव्हतं. ते खोडून आता मला माहीत होतं असं दाखवणं मला पटेना. नायना रागावले, आणि मग कार्डांना भोकं पाडायला बसले. म्हणून भिंतीवरच्या चित्रात जवळ गेलं की नुसत्या आडव्या रेघा दिसतात. चार पावलं मागे सरकलं की जमीन जराशी काळवंडते, आणि आपल्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं आहे असं वाटतं.

पण ते नंतरचं. आधी आईला सांगायचं होतं. मीच तिला वर्षभर त्या तापात बसवून ठेवलं होतं. त्याच्या पट्ट्या बरोबर होत्या, माझं मोजणं उलटं होतं, आणि शिक्षा भोगली तिने. हे तिच्यासमोर म्हणताना मला लाज वाटत होती, आजही वाटते.

पुन्हा गड्डा भरला होता. दुपारी वाऱ्याबरोबर लाउडस्पीकरचा आवाज घरापर्यंत यायचा आणि आई दार लावून घ्यायची. दार लावून ती विड्या वळत बसली होती. मी तिच्यासमोर पट्ट्या मांडल्या, वरून खाली, आणि बाजूला नवा आलेख आणि तलावाकाठचा फोटो ठेवला. काय चुकलं, कुणाचं चुकलं, ते सांगितलं. तिने सावलीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. गणित तिला कळलं नसेल. माझ्या तोंडाकडे बघून जे कळायचं ते कळलं.

"ह्याच्यावर तारीक हाय म्हनलीस नव्हं?"

"हाय."

"मग गड्ड्याला गेलो त्या दिवशीची कुटली?"

मी सहावी पट्टी उचलून दिली. डोक्याच्या मधोमधची. तिने तंबाखूचे हात पदराला पुसले आणि ती दोन्ही हातांत धरली.

"ही बरोबर हाय?"

"साठच्या साठ."

"म्हंजे त्या दिवशी बरा हुता."

"व्हय. बरा हुता. शेवटच्या पट्टीपत्तोर बरा हुता."

ती बराच वेळ पट्टीवरचे चारचे आकडे बोटाने चाचपत राहिली. बाहेर पाळणेवाला लाउडस्पीकरवरून लोकांना बोलावत होता.

"मी तितं पाळण्यात हासत हुते," ती म्हणाली. "तवा त्यो बी हासत असंल?"

"हासत हुता, अम्मा."

हे मात्र मी गणित न करता सांगितलं.